शाळेच्या सेवागटानं संस्था कशा निवडाव्यात आणि वर्षभर कशा सांभाळाव्यात

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमची शाळा पुराच्या पट्ट्याबाहेर होती. म्हणून बाहेरून येणारं मदतीचं सामान उतरवायला शाळेचा हॉल दिला आणि ते निवडायचं काम आठवी-नववीच्या मुलांकडे आलं. तिसऱ्या दिवशी कपड्यांचा ढीग खिडकीच्या गजांपर्यंत पोचला. त्यात टिकल्या लावलेले घागरे होते, जोडीतली एकेकच चप्पल होती, ओले राहून कुबट वास मारणारे स्वेटर होते. त्या दुपारी पुरातून घर सोडून आलेली एक बाई दारात उभी राहिली. तिला कपडे नको होते. "खराटा आहे का? आणि फिनेल? घरात गुडघाभर चिखल आहे." आमच्याकडे दोन्ही नव्हतं. जाता जाता तिनं विचारलं, "पोरगी दहावीला आहे, तिच्या वह्या वाहून गेल्या. कुणाच्या बघायला मिळतील का?"

वह्या आमच्याकडे होत्या. पुढचे तीन आठवडे आमच्या मुलांनी दहावीच्या वह्यांच्या झेरॉक्स काढल्या, ज्या पानांची झेरॉक्स पुसट यायची ती हातानं उतरवून काढली आणि विषयवार गठ्ठे बांधून पूरग्रस्त भागातल्या दोन शाळांत पोचवले. खर्च फार आला नाही. पण ती मदत लागलीच वापरात आली, कारण ती कुणीतरी मागितली होती.

आमचा सेवागट तिथून सुरू झाला. शाळेत असा गट काढायचा असेल, किंवा आहे तो नीट चालवायचा असेल, तर आम्ही काय करतो आणि कुठे अडखळलो ते सांगते.

आधी गट, मग संस्था

गटाला नाव काहीही द्या. काही शाळांत रोटरीशी जोडलेला इंटरॅक्ट क्लब असतो. तो १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी आहे, आणि त्यात वर्षाला किमान दोन उपक्रम करायचे असतात, एक शाळेसाठी किंवा गावासाठी आणि एक आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी. कुठे किशोर रेडक्रॉस असतं, कुठे स्काऊट-गाईड, कुठे राष्ट्रीय हरित सेना. यातलं काही असेल तर नवीन पाटी लावायची गरज नाही, त्याच गटाला हे काम द्या. काहीच नसेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं एक पत्र आणि पालकांचं संमतिपत्र एवढ्यावर सुरुवात होते.

संख्या तीस-चाळीसच्या वर नेऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी शंभर मुलं घेतली आणि निम्म्यांना करायला काही नव्हतं. नववीची मुलं हा गटाचा कणा. आठवीची शिकतात, दहावीची फक्त दिवाळीपर्यंत येतात आणि सल्ला देतात. संमतिपत्रात गोलमोल लिहू नका. कुठे जायचं, कसं जायचं, सोबत कोण शिक्षक, किती वाजता परत, हे प्रत्येक भेटीसाठी वेगळं लिहून घरी पाठवा. मुली असतील तर सोबत एक बाई शिक्षिका हवीच.

गटात तीन कामं मुलांना नेमून द्या: निरोपाचं, वहीचं आणि हिशेबाचं. निरोपाचा मुलगा किंवा मुलगी संस्थेशी फोनवर बोलते, तेही शाळेच्या फोनवरून आणि शिक्षकांसमोर. वही म्हणजे प्रत्येक भेटीची नोंद. हिशेबाबद्दल पुढे लिहिते.

तीन संस्था, त्याहून जास्त नको

हे माझं ठाम मत आहे आणि यावर माझे सहकारी अजूनही माझ्याशी वाद घालतात. जूनमध्ये मुलं फळ्यावर संस्थांची नावं लिहायला लागली की यादी वीसावर जाते: अनाथाश्रम, वृद्धाश्रम, गोशाळा, कर्करोगग्रस्त मुलं, झाडं, सैनिक. सगळंच चांगलं. पण वीस ठिकाणी एकेकदा गेलं की वीस ठिकाणी पाहुणे होतो. पाहुण्यांसाठी संस्थेला खुर्च्या मांडाव्या लागतात, चहा करावा लागतो, मुलांना रांगेत बसवावं लागतं. चौथ्या भेटीपासून आपण पाहुणे उरत नाही आणि तिथून पुढे खरं काम मिळतं.

तीन कशा निवडायच्या? आम्ही अशी वाटणी करतो: एक संस्था सायकलवरून जाता येईल इतकी जवळची, जिथे मुलांचा वेळ लागेल. एक अशी, जिला वस्तू किंवा पैसे पाठवता येतील, मग ती लांब असली तरी चालेल. आणि तिसरी मुलांनी स्वतः मत देऊन ठरवलेली. एकदा निवडली की किमान तीन वर्षं बदलायची नाही.

लांबच्या संस्थांमध्ये मुलांना बहुतेक मोठी नावं माहीत असतात. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभं केलेलं आनंदवन, भामरागड तालुक्यात हेमलकशाला आदिवासींसाठी १९७३ पासून चाललेला लोकबिरादरी प्रकल्प, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ मध्ये सुरू केलेली, गावांच्या आरोग्याचं काम करणारी सर्च, निराधार बायका-मुलांसाठी काम करणारं अहिल्यानगरचं स्नेहालय. या संस्थांचं काम मुलांना वर्गात जरूर सांगा, त्यांच्याकडून शिका. पण चाळीस मुलांच्या गटानं पहिल्याच वर्षी तिकडे धाव घेण्यापेक्षा आपल्या तालुक्यातलं, जिथे वर्षभर कुणी फिरकत नाही असं बालगृह किंवा अंधशाळा शोधावी. तिथे तुमचे थोडेसे पैसे आणि रविवारचे दोन तास जास्त मोलाचे ठरतात.

शोधायचं कसं? मुलांना आठवडाभर गावात फिरायला लावा. पोस्टमन, रिक्षावाले, आशाताई, दवाखान्यातले कंपाउंडर, यांना विचारा. आमच्या मुलांना एका गतिमंद मुलांच्या शाळेचा पत्ता भंगारवाल्यानं सांगितला. ती शाळा आमच्यापासून दोन किलोमीटरवर होती आणि आम्हा शिक्षकांनाही ठाऊक नव्हती.

संस्था खरी आहे का, हे बघणं

यात संकोच करू नका. प्रामाणिक संस्थाचालकाला कागद मागितल्याचा राग येत नाही. आमच्या अनुभवात तर त्यांना बरंच वाटतं.

महाराष्ट्रात धर्मादाय संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. नोंदणी क्रमांक मागा. शेड्यूल वनचा उतारा मागा, त्यात विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय ते लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा आणि तो मुलांसमोर उघडा. वाणिज्य शिकवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या सरांना बोलवा. खर्चातला किती भाग प्रत्यक्ष कामावर आणि किती समारंभ, छपाई, प्रवास यांवर गेला, एवढं नववीच्या मुलांना नक्की कळतं. केंद्र सरकारच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद आहे का, तेही संगणकाच्या तासाला बघता येतं.

मुलांचं वसतिगृह किंवा बालगृह असेल तर आणखी एक कागद बघायचाच. निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली असावी लागते. ती नसेल, "अर्ज केलाय, येईल" असं उत्तर मिळत असेल, तर तिथे मुलांना नेऊ नका. एकदा आम्ही अशा एका ठिकाणी गेलो होतो. जागा स्वच्छ, मुलं गोड, चालक अगत्यशील. कागद मागितल्यावर विषय बदलत गेले. आम्ही थांबलो. मुलांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण त्या मुलांची खरी काळजी असेल तर नोंदणीचा आग्रह धरणं हेही त्यांच्याच बाजूचं काम आहे, हे त्या संध्याकाळी वर्गात बसून नीट बोललो.

पहिली भेट: रिकाम्या हातानं

पहिल्या भेटीला काही नेऊ नका. बिस्किटांचा पुडासुद्धा नाही. चार-पाच मुलं आणि एक शिक्षक, एवढेच जा. अधीक्षकांना किंवा स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींना हे विचारा: कोणत्या महिन्यात सगळ्यात जास्त ओढाताण होते? लोक काय देतात जे तुम्हाला नको असतं? काय लागतं जे कुणी देत नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळत नाही. आमच्या जवळच्या बालगृहात अधीक्षक बाई आधी म्हणाल्या, "सगळं आहे हो." निघताना दारापाशी हळूच म्हणाल्या, "मुलींना आतले कपडे कमी पडतात. कोण देणार? मागायचं कसं?" तेव्हापासून दरवर्षी मेच्या अखेरीला आमचा गट मापं विचारून नवे आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड देतो. ते वापरलेले कधीच द्यायचे नसतात, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, दिवाळी आणि कुणाकुणाचे वाढदिवस, या दिवशी केक, फरसाण आणि मिठाईची रीघ लागते. २ ते ८ ऑक्टोबरला देशभर दान उत्सवही असतो. मग फेब्रुवारी ते जुलै सामसूम. शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर आणि वह्या, दप्तरं, बूट, कंपास यांची खरी नड तेव्हाच असते. म्हणून आमच्या गटाचं वर्ष परीक्षा संपली की सुरू होतं आणि मेच्या अखेरीला वह्यांचे गठ्ठे पोचलेले असतात.

पैसा: कुणाच्या हातून कुणाच्या हाती

शाळेच्या गटानं लोकांकडून रोख वर्गणी गोळा करणं मला पटत नाही. त्यात कायद्याचाही प्रश्न आहे. नोंदणी नसलेल्या गटानं धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ (क) चा विचार करावा लागतो. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. मुलांना डबा घेऊन दारोदार फिरवणं सुरक्षिततेच्या दृष्टीनंही चूक.

सोपा रस्ता असा: देणाऱ्यानं थेट संस्थेच्या खात्यावर द्यावं आणि पावती संस्थेनं द्यावी. मुलं फक्त माहितीचा कागद घरी नेतात, त्यावर संस्थेचा खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड असतो. मोठी रक्कम देणाऱ्या पालकांना एक गोष्ट आधीच सांगा. ८० जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोखीनं देऊन चालत नाही, ती चेक किंवा ऑनलाइन द्यावी लागते. आणि संस्थेकडे त्या सवलतीची नोंदणी आहे का, तेही आधी बघावं लागतं.

गटाचा स्वतःचा पैसा दोनच मार्गांनी यावा असं आम्ही ठरवलंय. एक म्हणजे स्वतःच्या खाऊतून. चाळीस मुलांनी महिन्याला वीस-वीस रुपये काढले तर आठशे होतात, दहा महिन्यांत आठ हजार. ज्याला जमत नाही त्यानं देऊ नये, आणि कुणी दिले नाहीत हे कुणाला कळू नये, म्हणून बंद डबा. नावांची यादी ठेवायची नाही. दुसरा मार्ग रद्दी. दोनशे घरांतून सरासरी तीन किलो मिळाली तर सहाशे किलो होते. किलोला बारा रुपये भाव धरला तर एका फेरीत ७,२०० रुपये. भाव वरखाली होतो, आधी तीन ठिकाणी विचारा. आणि तुमच्या गल्लीत कागद वेचणाऱ्या बायका असतील तर त्यांची रद्दी हिसकावू नका. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या बायकांच्या हक्कांसाठी उभी आहे. तिचं काम वर्गात समजावून घेतल्यावर आमच्या मुलांनी स्वतःहून ठरवलं की वर्गीकरण आपण करायचं आणि माल गल्लीतल्या मावशींमार्फतच विकायचा. आम्हाला थोडे पैसे कमी मिळतात. चालतं.

हिशेबाच्या वहीवर दोन मुलांच्या आणि एका शिक्षकाच्या सह्या. दर महिन्याला पान सूचनाफलकावर लागतं. एका वर्षी ११० रुपये कमी भरले. शोधलं तेव्हा कळलं की टेम्पोवाल्याला दिलेले पैसे लिहायचे राहिले होते. ज्या मुलाकडून राहिलं तो रडवेला झाला. आम्ही ते फलकावर तसंच लिहिलं, "टेम्पो ११० रु., नोंद राहिली होती." त्यानंतर वही चुकली नाही.

वस्तू गोळा करायच्या असतील तर

यादीशिवाय काही गोळा करू नका. "जुने कपडे द्या" असं म्हटलं की घरातलं नको असलेलं येतं. "सहा ते दहा वयाच्या मुलांचे स्वेटर, चेन चालू असलेले, धुतलेले" असं म्हटलं की कामाचं येतं. आमच्या हॉलमध्ये आम्ही तीन सतरंज्या अंथरतो: देण्याजोगं, दुरुस्त करून देण्याजोगं, न देण्याजोगं. कसोटी एकच: हे माझ्या धाकट्या बहिणीला घालीन का? दुसऱ्या सतरंजीवर बटणं आणि चेन लावायला दोन मुलांच्या आज्या येतात, मुलं त्यांच्याकडून काज करायला शिकतात. तिसऱ्या सतरंजीवरचं सुती कापड पुसणी म्हणून जातं.

कपड्यांसाठी लांबची संस्था हवी असेल तर गूंजचा विचार करा. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ती सुरू केली, त्यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंजची पद्धत मला फार पटते. गावातले लोक विहीर, बांध, रस्ता असं त्यांनीच ठरवलेलं काम करतात आणि त्याबद्दल त्यांना कपडे, भांडी, सामान मिळतं. म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. सुती कापडापासून तिथे सॅनिटरी पॅडही बनवतात. सामान पाठवताना वाहतूक आणि निवडण्याच्या खर्चासाठी थोडे पैसेही द्यावेत, अशी त्यांची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे.

औषधं गोळा करू नका, अर्धवट पट्ट्या तर नाहीच. शिजवलेलं अन्नही संस्थेनं स्वतः सांगितल्याशिवाय नेऊ नका. रक्तदान शिबिरात १८ वर्षांखालचं कुणी रक्त देऊ शकत नाही, पण नोंदणीचं टेबल, पाणी, नंतर दहा मिनिटं दात्याला बसवून ठेवणं, हे नववीची मुलं उत्तम करतात.

वेळ देणं, आणि लेखनिकाचं काम

शाळकरी मुलाकडे पैसा नसतो पण वेळ असतो, आणि काही कामं फक्त त्याच्याच वयाच्या मुलाला करता येतात. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे लेखनिक होणं. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या अंध विद्यार्थ्याचा पेपर लिहायला जो बसतो, तो त्याच्याहून खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे दहावीसाठी नववीचा किंवा त्याखालचा. प्रौढ माणूस कितीही शिकलेला असला तरी इथे उपयोगाचा नाही. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला होते आणि नववीची त्यानंतर, म्हणून वेळही जमतो.

लेखनिकाचा अर्ज परीक्षार्थीची शाळा मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे करते. आमच्याकडचे अर्ज कोल्हापूरला जातात. त्यासाठी लेखनिकाच्या शाळेचं पत्र आणि फोटो लागतो, म्हणून जवळच्या अंधशाळेशी नोव्हेंबरातच बोला. प्रत्येकासाठी एक राखीव लेखनिक तयार ठेवा, कारण फेब्रुवारीत ताप येतोच. अंध विद्यार्थ्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तेव्हा दोन तासांचा पेपर दोन तास चाळीस मिनिटं चालतो. तेवढा वेळ एका जागी बसून दुसऱ्याचं लिहायची सवय लागते.

ही सवय डिसेंबरपासून करून घ्या. एका मुलीला डोळे मिटून बसवा आणि दुसरीला प्रश्न वाचायला सांगा. पहिल्याच दिवशी कळतं की आपल्याला वाचताही येत नाही. "एक भागिले एक्स अधिक दोन" असं आमच्या मुलीनं वाचलं आणि समोरच्या अंध मुलानं विचारलं, "अधिक दोन छेदात आहे की बाहेर?" ती पुन्हा पुस्तकाकडे बघायला लागली. तेव्हापासून आमच्याकडे वाचन असं होतं: "अंशात एक. छेदात कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस बंद." आकृती असेल तर आधी तिचं नाव, मग बिंदू कोणत्या क्रमानं, मग मापं. मराठीच्या पेपरात उतारा दोनदा वाचायचा, प्रश्न आधी एकदा.

लिहिताना नियम कडक आहेत. तो सांगेल तेच आणि तसंच. उत्तर चुकतंय हे कळलं तरी भुवई उंचावायची नाही, आवाज बदलायचा नाही, थांबायचं नाही. हे मुलांना सगळ्यात जड जातं. आमच्या एका मुलीनं पेपरानंतर सांगितलं, "बाई, मला उत्तर येत होतं. हात थरथरत होता." मी तिला म्हटलं, तो पेपर त्याचा होता आणि तू तो त्याचाच राहू दिलास. निकाल लागला त्या दिवशी त्या मुलानं पहिला फोन तिच्या घरी केला होता. तिची आई मला सांगायला शाळेत आली.

ऊसतोडीच्या कोप्यांवर

आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात आणि बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. रानात, कारखान्याच्या माळावर कोप्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. आई-बाप पहाटे फडावर जातात, आणि आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपाशी राहते. या मुलांना जवळच्या शाळेत दाखल करून घेणं हे शिक्षण हक्क कायद्यानं शाळेवर बंधनकारक आहे. गाव सोडताना मिळणारं शिक्षण हमी कार्ड असेल तर उत्तम, पण ते नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. आमच्या गटाचं इथलं पहिलं काम म्हणजे मोजणी. कोणत्या कोपीत किती मुलं, कितवीत होती, ही यादी करून आम्ही ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींकडे देतो. दाखल करणं त्यांचं काम, शोधून काढणं आमचं.

रविवारी दोन तास तिथे गोष्टी वाचणं, पाढे, चित्रं. थंडीत स्वेटर, तेही वर सांगितलेल्या यादीप्रमाणे. मुकादमाशी शिक्षकांनी आधी बोलावं, न सांगता गेलं तर गैरसमज होतात.

याच माळावर बैलही असतात. सांगली भागात ॲनिमल राहत ही संस्था २००३ पासून ओझ्याच्या जनावरांसाठी काम करते. मुलांनी खांद्याला आलेली गाठ, वेसणीची जखम दिसली की गाडीवानाशी भांडायचं नाही, सरांना सांगायचं आणि संस्थेला कळवायचं. बैलपोळ्याला खांदेमळणी करणारी ही माणसं बैलावर जीव लावतात, त्यांना दोष देऊन काही होत नाही. एका हंगामात आम्ही कारखान्याची परवानगी घेऊन, दिवसाढवळ्या आणि आवारातच, गाड्यांच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावल्या. अंधारात रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीला मागून धडक बसते, ती टाळायला एवढीशी पट्टी पुरते.

फोटो आणि गुपित

दोन गोष्टींत मी कुणाचं ऐकत नाही.

बालगृहातल्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करायला मनाई करतं, त्याला शिक्षा आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला फोटोही पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. आणि कायदा नसता तरी, हातात वही घेऊन रांगेत उभं राहिलेल्या मुलाला उद्या त्याच्याच वर्गातल्या कुणी तो फोटो दाखवला तर त्याला काय वाटेल? वस्तूंचे फोटो काढा, सतरंज्यांचे काढा, आपल्या मुलांच्या चिखलाच्या पायांचे काढा.

दुसरी गोष्ट अशी. कुठल्याही भेटीत एखाद्या मुलानं आपल्याला मारहाण होते, कुणी त्रास देतं असं सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, त्याच दिवशी सोबतच्या शिक्षकांना सांगायचं. शिक्षकांनी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवायचं. हे गटाच्या पहिल्या बैठकीत सांगा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा सांगा.

वृद्धाश्रमात काय करायचं

भजन-गाण्यांचे कार्यक्रम तिथे पुष्कळ होतात. आमची मुलं पेपर वाचून दाखवतात, चष्म्याचे स्क्रू आवळतात, मोबाइलमध्ये अक्षरं मोठी करून देतात. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. शिक्षक शेजारी बसवून मुलं त्यात मदत करतात, पण आधार क्रमांक किंवा ओटीपी आपल्या वहीत लिहून घ्यायचा नाही. एक आजोबा दर वेळी स्वतःच्या शाळेची तीच गोष्ट सांगतात. मुलांना मी सांगितलंय, ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐका.

वर्षअखेर

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर गट तिन्ही संस्थांना पत्र लिहितो. त्यात आम्ही काय दिलं याचा पाढा नसतो, तुम्हाला काय उपयोगी पडलं आणि काय नको होतं, हे विचारलेलं असतं. उत्तरं खरी येतात, कारण तोवर ओळख झालेली असते. अंधशाळेनं एकदा कळवलं की आमच्या मुलांनी रेकॉर्ड केलेले इतिहासाचे धडे मुलं ऐकत नाहीत, आवाज फार घाईत आहेत. आम्ही ते सगळे पुन्हा रेकॉर्ड केले, सावकाश.

त्यानंतर नववीची मुलं आठवीच्या मुलांना घेऊन एकेका संस्थेत जातात आणि ओळख करून देतात: मावशींचं नाव, पाण्याचा माठ कुठे, कोणत्या खोलीत चप्पल बाहेर काढायची, कोणत्या आजींना उजव्या कानानं ऐकू येतं. नोंदींची वही तिथेच दिली जाते. यंदाची वही घेतलेल्या मुलीनं पहिल्या पानावर लिहिलंय: बालगृह, मेचा शेवटचा आठवडा, दोनशे पानी वह्या १२०, आतले कपडे, मापं परत विचारणे.